कमिटीच्या सोयीची वेळ

मागच्या हंगामात, दिवाळीचे आकाशकंदील गल्लीत अजून लटकत होते तेव्हा, मी तालमीच्या कमिटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. "प्रशिक्षणासाठी प्रत्येकाने आपापली सोयीची वेळ कळवावी. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा ठेवू." पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे आले. दोघांनी हात जोडले. एकाने गुलाबाचं फूल पाठवलं. वेळ एकानेही कळवली नाही.

मला वाट बघता येत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि तो बदलायचा माझा विचारही नाही. सासरे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच माहेरच्यांनी पाठवलीय. त्या दिवशी कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना, मशीनवर टीप मारताना मी सारखी फोन उघडून बघत होते. संध्याकाळपर्यंत आणखी एक अंगठा आला. तोही ज्याचा आधीच आला होता त्याचाच.

आमची तालीम मूळची कुस्तीची. आता हौद्यातल्या लाल मातीत उतरणारी पोरं थोडी, आणि पेठेचा सगळा जीव फुटबॉलवर. आमच्या संघाची मॅच असली की ज्याने जन्मात चेंडूला पाय लावला नाही तोही दुकानाचं शटर अर्धं ओढून मैदानावर जातो, आणि संघ हरला की घरी येऊन जेवत नाही. मी या कमिटीत आले ती शिलाई मशीनमुळे. संघाच्या जर्सी मी शिवते, निशाणं मी शिवते. एका वर्षी सेक्रेटरींनी हलकं कापड आणून दिलं. दुसऱ्याच मॅचला जर्सी काखेत उसवल्या आणि लोक शिलाईला नावं ठेवायला लागले. मी तालमीत जाऊन सेक्रेटरींना सगळ्यांसमोर झापलं. पुढच्या मीटिंगला त्यांनी मलाच कमिटीत घेतलं. भांडणारं माणूस आत घेतलं की भांडण मिटतं, असा त्यांचा अंदाज असावा. तो साफ चुकला.

कमिटीत गेल्यावर मी मुलींचा विषय काढला. पेठेतल्या काही मुली, मुलांची प्रॅक्टिस संपल्यावर, उरलेल्या उजेडात मैदानावर खेळायच्या. त्यांतली एक गोलकीपर. गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, त्या मुसलमान घरातली थोरली. ती गोलमध्ये उभी राहिली की मी हातातलं काम सोडून बघत बसायची. चेंडू येण्याआधीच तिला कळायचं तो कुठे येणार. मुलींच्या स्पर्धेसाठी यंदा ती वयात बसत होती, पुढच्या वर्षी बसणार नव्हती. म्हणून मला यंदाच संघ उतरवायचा होता. पुढच्या वर्षी बघू, असं सगळे म्हणत होते. पुढच्या वर्षी त्यांचं काहीच जाणार नव्हतं.

पावसाळा संपता संपता प्रॅक्टिसमध्ये तिच्या बोटावर चेंडू बसला. बोट वाकडं झालं. तालमीत लागलं की चोळायचं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. खांदा निखळला तरी चोळायचं, मुरगळलं तरी चोळायचं. पोरीला वस्तादांपुढे नेलं. वस्ताद म्हणजे आमच्या तालमीतले आणि कमिटीतलेही सगळ्यांत ज्येष्ठ. कुस्ती सोडून जमाना झाला, पण अजून त्यांच्या शब्दाबाहेर तालमीत कोणी जात नाही. त्यांनी तेल मागवलं, बोट धरलं, ओढलं, चोळलं. पोरगी ओठ चावून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलंय, आणि ओढल्यामुळे जागचं सरकलंय. बोटात तार घालावी लागली.

तिचे वडील माझ्या दारात आले. शांत माणूस, बेकरीत सुद्धा कधी आवाज चढत नाही. म्हणाले, "काकी, तुमच्या तोंडाकडं बगून पाठवत हुतो. ज्यांच्या हवाली पोरगी करायची त्येन्ला लागल्यावर काय करायचं आनि काय न्हाय करायचं, येवढं तरी म्हाईत पायजे की. त्ये दिसू द्या, मग पाठवतो." मला लाज वाटली.

स्पर्धा घेणाऱ्यांचाही तोच नियम निघाला. मुलींचा संघ उतरवायचा तर कमिटीतल्या प्रत्येकाचं प्रशिक्षण झालेलं हवं. मैदानात लागलं तर काय करायचं, कोणी कोसळलं तर छाती कशी दाबायची, मुलींशी कसं बोलायचं, तक्रार आली तर कोणाकडे न्यायची. एकाच बैठकीचं काम होतं. शिकवायला गडहिंग्लजकडची एक नर्सबाई मिळाली. तिशीच्या आतली, स्कूटीवर यायची, पाठीवरच्या पिशवीत छातीपर्यंतचा एक रबरी माणूस. मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायला लागली, पुरुषांना अण्णा. "कधीही बोलवा अक्का," ती म्हणाली. "एकेकटे आले तरी शिकवते. फक्त नोंदणी बंद व्हायच्या आत सगळे व्हायला पाहिजेत."

ग्रुपवर अंगठेच येतात म्हटल्यावर पहिली बैठक मीच रविवारी सकाळी ठेवली. कोल्हापुरात रविवारी सकाळी माणूस मटणाच्या रांगेत असतो, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं असं नाही. पण रांगेतून मटण घरी टाकून येतील, असं वाटलं. कोणी आलं नाही. तालमीच्या बाहेरच्या खोलीत मी, नर्सबाई आणि रबरी माणूस. मी चहाचा थर्मास भरून नेला होता. आम्ही दोघींनी दोन-दोन कप घेतले आणि उरलेला परत आणला.

मग मी ठरवलं, एकेकाच्या दारात जायचं. वेळ त्याची, जागा त्याची, फक्त तोंडाने हो म्हणू दे. नवऱ्याची फाउंड्रीत पाळी, ती दर आठवड्याला बदलते, म्हणजे घरातलं जेवणखाण दर आठवड्याला बदलतं. सासऱ्यांना साखर, जेवणाआधी इंजेक्शन, ते मी देते. जर्सीची ऑर्डर अंगावर. तरी मी निघाले. एका जागी बसून त्या मेसेजकडे बघत राहिले असते तर मला वेड लागलं असतं.

कमिटीतल्या एकाच्या म्हशी आहेत. राहायला राधानगरी रस्त्याला, शहराबाहेर. सकाळी धार काढून दूध डेअरीत घालतो, मग वैरण, मग परत संध्याकाळची धार. शिवाय उसाला तोड आलेली. तोडणी मजुरांची टोळी कधी येईल सांगता येत नाही, आणि आली की माणूस शेत सोडून हलत नाही. मी त्याच्या गोठ्यात उभी राहून म्हटलं, "सकाळचं दूध घालून झालं की डेअरीतनंच सरळ तालमीत या. बाई थांबंल तुमच्यासाठी."

"जमतंय की वैनी," तो म्हणाला. मग वैरण टाकता टाकता विचारलं, "वस्ताद झालं काय?"

"त्यांना शेवटी ठेवलंय. वय झालं, गुडघे दुखतात. सगळ्यांचं उरकलं की त्यांचं निवांत घेऊ."

"असं व्हय," तो म्हणाला आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई येऊन बसली. तो आला नाही. फोन केला तर म्हशीचं कायतरी बिनसलं होतं.

सेक्रेटरी एसटीत कंडक्टर. त्यांची ड्युटी कधी गडहिंग्लजची, कधी पुण्याची. मी बसस्टँडवर जाऊन त्यांना गाठलं. दोन फेऱ्यांच्या मधे तास-दीड तास असतो, तेवढ्यात स्टँडच्या मागे कँटीनच्या बाकड्यावर शिकवू म्हटलं. मशीनमधून तिकिटाचा कागद ओढत त्यांनीही तेच विचारलं. वस्ताद झाले का? मी तेच उत्तर दिलं. ठरलेल्या दिवशी त्यांची ड्युटी बदलली. बदलली असेलही. पण मी खिडकीवर चौकशी केली तर कोणालाच काही माहीत नव्हतं.

असं सगळ्यांचं. कोणी पहाटे मागे तो पहाटे उठत नव्हता. कोणी दुपारी मागे त्याच्या घरी दुपारीच पाहुणे यायचे. नाही कोणीच म्हणत नव्हतं, आणि मला ते जास्त लागत होतं. नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते, भांडून मोकळी झाले असते. हो म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? रात्री पाठ टेकली की डोक्यात वेळांचं चक्र सुरू व्हायचं. याची धार, त्याची फेरी, त्याचा उपवास. नवरा म्हणायचा, "झोप की आता, कमिटी काय पळून जात न्हाय." कमिटी पळत नव्हती, दिवस पळत होते. आणि रोज संध्याकाळी ती पोरगी बेकरीच्या काउंटरवर, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन, डाव्या हाताने पाव मोजून देत बसलेली दिसायची. मला बघितलं की विचारायची, "काकी, किती जणांचं राहिलं?" मी म्हणायची, "थोड्यांचं." राहिले सगळेच होते.

कमिटीतला एक सभासद हुपरीला होता. पूर्वी पेठेत राहायचा, मोठा खेळाडू, आता चांदीच्या कामासाठी तिकडे गेलाय. घरातच कारखाना, पैंजण करतात. त्याला अमावास्येलाच सुट्टी. मी म्हटलं, मग अमावास्येला. ग्रुपवर लिहिलं तर सेक्रेटरींचा लगेच फोन. "वैनी, आवसंला नवीन काम काडत न्हाईत."

"आवसंला म्हस दूध द्यायची थांबती काय? तुमची एसटी थांबती काय?"

"तसं न्हाय, पन..."

मी फोन ठेवला. अमावास्येला नर्सबाईच्या स्कूटीवर मागे बसून, पिशवीतून डोकं बाहेर आलेला रबरी माणूस मधे धरून, हुपरीला गेले. रस्त्याने लोक वळून वळून बघत होते. आम्ही कोणाला घेऊन चाललोय असं त्यांना वाटलं कुणास ठाऊक.

त्याने पाहुणचार चांगला केला. चहा झाला, पोहे झाले. बायकोने घडवायला घेतलेले पैंजण दाखवले. मग मी पिशवीतून रबरी माणूस काढला तसा तो उभा राहिला. "वैनी, राग मानू नका. वस्ताद झालं की दुसऱ्या दिशी मी सोता हुपरीस्नं येतो. गाडी करून येतो."

माझा बांध फुटला. इतक्या दिवसांचा राग त्या एका माणसावर निघाला. वस्ताद, वस्ताद, वस्ताद. जो तो त्या म्हाताऱ्या माणसाच्या आड लपतोय, असं मी त्याच्या घरात, त्याच्या बायकोपुढे बोलले. एका पोरीचं वर्ष चाललंय आणि तुम्हाला तुमच्या सोयीच्या वेळा हातावर आणून दिल्या तरी घेता येत नाहीत, असंही बोलले. तो माझं संपल्यावर म्हणाला, "वैनी, तुमी कवा हौद्यापाशी आलाय काय?"

मी गेले नव्हते. तालमीत बायका बाहेरच्या खोलीपर्यंत जातात, मातीपर्यंत नाही. तो म्हणाला, "मातीत उतरायचं तर आदी वस्ताद उतरत्यात. त्यांनी माती कपाळाला लावली की मग बाकीच्यांनी पाय ठेवायचा. कोन पैलवान असू दे न्हायतर पोलीस असू दे. आता कुस्ती कोन करत न्हाय त्ये सोडा. पन तालमीत नवीन कायबी यायचं म्हंजे तसंच की. तुमी त्येन्ला शेवटी ठिवलंय. मग आमी कसं म्होरं जायाचं?"

मी रबरी माणूस परत पिशवीत घातला. माझ्या डोक्यात जो सगळ्यांत थकलेला त्याला सगळ्यांत सोपी, शेवटची वेळ. त्यांच्या डोक्यात जो शेवटचा तो नको असलेला. मी सोय बघत होते, ते मान बघत होते. आणि तालमीतल्या एकाही माणसाला हे मला सरळ सांगावंसं वाटलं नाही, कारण मला माहीत असेलच असं प्रत्येकाने धरलं होतं. जे सगळ्यांना माहीत असतं ते आमच्याकडे कोणी बोलून दाखवत नाही. बाहेरून आलेल्या माणसाचं कपाळ फुटेपर्यंत नाही.

परत आल्यावर तशीच वस्तादांच्या घरी गेले. नर्सबाईला म्हटलं, तुम्ही स्कूटीपाशी थांबा. वस्ताद घराच्या पुढच्या सोप्यात दगडी कट्ट्यावर बसले होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "पोरीचं बोट मी चोळलं. तवापास्नं तू मला शेवटी ठिवलंस. ठिवायलाच पायजे हुतं. मी काय बोललो न्हाय."

मी सोय म्हणून ठेवलं होतं, त्यांच्या गुडघ्यांसाठी, असं सांगायला तोंड उघडलं. पण त्यांचा चेहरा बघून ते सांगणं मलाच लहान वाटलं. इतके दिवस हा माणूस आपली कमिटी आपल्याला मोडीत काढतेय असं समजून घरात बसून होता. त्या मुलीच्या बोटापायी त्यांना झोप लागत नव्हती, हे मला त्यांच्या सुनेने नंतर सांगितलं. मी एवढंच म्हटलं, "वस्ताद, तुमच्याशिवाय कोणी हात लावायला तयार नाही. आधी तुमचं होऊ दे."

"मला खाली बसता येत न्हाय," ते म्हणाले.

नर्सबाई दारातून ऐकत होती. तिने पिशवी उघडली आणि रबरी माणूस सरळ दगडी कट्ट्यावर निजवला. "अण्णा, खाली कशाला? हितं करा, उभं राहून."

वस्तादांनी त्याच्याकडे नीट बघितलं. पैलवान समोरच्याला बघतो तसं. मग तळहात छातीवर ठेवले आणि दाबलं. रबरी माणसाच्या आतून कटकन आवाज आला. नर्सबाई घाबरली. "अण्णा, हळू. मरंल तो."

"आदीच मेलाय न्हवं?" वस्ताद म्हणाले. मला इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा हसू आलं.

पण पुढे बोटाचं आलं तेव्हा ते हसले नाहीत. मोडलंय अशी शंका आली तरी ओढायचं नाही, चोळायचं नाही, आहे तसं टेकण देऊन बांधायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. नर्सबाईने पुठ्ठ्याची पट्टी घेऊन माझ्या बोटावर दाखवलं. वस्तादांनी तिच्याकडून पट्टी मागून घेतली आणि माझं बोट पुन्हा बांधलं. मग सोडलं, आणि पुन्हा बांधलं. ते जाड हात किती हलके लागत होते, ते मी कोणाला सांगू शकणार नाही. झाल्यावर म्हणाले, "ह्ये आमाला कुनी सांगितलंच न्हाय." राग त्यात नव्हता. होता तो खेद.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर वस्तादांचा फोटो पडला, रबरी माणसावर हात ठेवलेला. आणि मग माणसं येऊ लागली. म्हशीवाला डेअरीतून थेट आला, हाताला दुधाचा वास घेऊन. सेक्रेटरी दोन फेऱ्यांच्या मधे, खाकी शर्टावर, कँटीनच्या बाकड्यावर शिकले, आणि आजूबाजूचे प्रवासीही उभे राहून शिकले. हुपरीचा खरंच गाडी करून आला. एकाला फक्त भल्या सकाळी जमत होतं, रंकाळ्यावर फिरून आल्यावर. एकाला दुपारी, दुकानातला नोकर जेवून आल्यावर. एकाला सोमवारीच, दुकान बंद असतं म्हणून. मी सगळ्यांच्या वेळा डोक्यात ठेवून पळत होते. नर्सबाईला आणायचं, ज्याची वेळ त्याला आणायचं, चहा न्यायचा, पुढच्याला फोन करायचा, तोवर आधीच्याची वेळ संपायची. आत ती शिकवायची, बाहेर मी फोनवर. घरी येऊन सासऱ्यांचं इंजेक्शन, भाकरी, आणि मग मशीन. पाय दुखायचे, पण दुखतायत हे बघायला वेळ नव्हता. जमतंय, जमतंय, एवढंच मनात चालायचं.

नोंदणी बंद व्हायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शेवटचा माणूस झाला. नर्सबाईला दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गडहिंग्लजला जायचं होतं. ती पिशवीची चेन लावता लावता म्हणाली, "अक्का, तुमचं कधी घ्यायचं?"

"माझं काय?"

"प्रशिक्षण. तुम्ही कमिटीत हाय न्हवं?"

मी म्हटलं, मी तर प्रत्येक बैठकीला होते. ती म्हणाली, "होता की. पण बाहेर होता. वस्तादांच्या घरी बघितलं तेवढंच, स्वतःच्या हातानं एकदा पण केलं नाहीत. मी खोटं कसं लिहून देऊ?" बोलायला ती सरळ होती, आणि तिचं खरं होतं. मला भयंकर चीड आली. कोणाची चीड, तेही कळेना. माझ्यासकट कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी घरी आले. सासऱ्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. परातीत पीठ घेतलं आणि मळायला लागले, आणि इतक्या जोरात मळलं की सासरे आतून म्हणाले, "काय झालं गं?"

थोड्या वेळाने दारात माणसं उभी दिसली. पुढे वस्ताद, सुनेच्या आधाराने चालत आलेले. मागे सेक्रेटरी, म्हशीवाला, आणखी दोघे-तिघे, नर्सबाई, आणि सगळ्यांच्या मागे बेकरीवाले आणि त्यांची पोरगी. इतकी माणसं एकदम आमच्या दारात याआधी कधी आली नव्हती. मी परात कमरेवर धरून तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले.

"सूनबाई," वस्ताद म्हणाले, "तुला कवा जमंल सांग. आमी सगळी थांबतो. रातच्याला म्हन, पाटं म्हन, तू म्हनशील तवा."

मी मनातल्या मनात माझा दिवस मोजायला लागले. पहाटे नवऱ्याचा डबा. मग सासऱ्यांचं इंजेक्शन, नाष्टा. मग धुणं, मग जर्सी, दुपारी परत इंजेक्शन, परत जेवण, संध्याकाळी दूध, भाकरी. प्रत्येक वेळेवर कोणाचं ना कोणाचं नाव होतं. म्हशीवाल्याची वेळ मला पाठ होती, कंडक्टरची पाठ होती, हुपरीच्या कारखान्याची सुट्टी पाठ होती. माझी कधी कोणी विचारली नव्हती, आणि मीही कधी विचारली नव्हती. इतकी माणसं उत्तराची वाट बघत उभी होती आणि मला रडू यायला लागलं. मला लोकांसमोर रडायला आवडत नाही. मी पिठाच्या हाताने डोळे पुसले आणि तोंड आणखीच भरलं.

पोरीने बापाचा हात सोडला आणि पुढे आली. माझ्यासमोर उभी राहिली. तिला सवय होती, चेंडू येईपर्यंत थांबायची.

"आत्ता," मी म्हणाले. "आत्ता जमंल."

आतून सासऱ्यांनी ऐकलं असावं. म्हणाले, "जा की. इंजेक्शन माझं मी टोचून घेतो. येतंय मला." मी वळून बघितलं. त्यांना येत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. सेक्रेटरींनी परात माझ्या हातातून घेतली आणि कुठे ठेवावी कळेना म्हणून तशीच धरून उभे राहिले.

मुलींचा संघ त्या हंगामात उतरला, गोलमध्ये बोट बरं झालेली तीच पोरगी. पहिलीच मॅच हरला आणि पेठेतल्या निम्म्या घरांत त्या रात्री चुली पेटल्या नाहीत. ते सगळं मला आठवतं, पण त्याआधीची ती संध्याकाळ जास्त आठवते. तालमीच्या बाहेरच्या खोलीत फरशीवर मी गुडघे टेकून बसले होते, तळव्यांखाली रबरी छाती, आणि नर्सबाई मोठ्याने आकडे मोजत होती. मी दाबत होते. फोन कुठे होता मला माहीत नाही. पहिल्यांदा हातांची जागा चुकली, मग बसली. खांद्यातून जोर यायला लागला. बाहेर कोणी बोलत होतं, पण मला कोणी हाक मारत नव्हतं.

"अक्का, झालं," नर्सबाई म्हणाली. "चांगलं केलं. थांबा आता."

कितीतरी वर्षांनी माझ्या हाताखाली एकच काम होतं, आणि त्याच वेळी दुसरीकडे कुठे मला जायचं नव्हतं.

"अजून थोडा वेळ," मी म्हणाले. आणि दारातल्या त्या सगळ्या माणसांपैकी, ज्यांना एरवी कशालाच वेळ नसतो, एकानेही घाई केली नाही.